ड्युटी सांभाळून लिहायचं कसं, आणि वाचतंय कोण?

मुक्कामी_गाडी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. मी एसटीत कंडक्टर. डेपो सांगत नाही, सातारा जिल्हा एवढं पुरे.

मला लिहायचा नाद आहे. मुक्कामी ड्युटी असली, म्हणजे गाडी रात्री शेवटच्या गावातच थांबली, की रात्री गाडीतच मोबाईलवर काहीबाही लिहितो आणि फेसबुकवर टाकतो. १७ मार्च २०२३ ला बायकांना अर्धं तिकीट सुरू झालं, त्या दिवशीचा एक प्रसंग लिहिला होता. एका मावशींनी पूर्ण तिकिटाचे पैसे दिले. मी अर्धे परत केले तर घेईनात. 'मागनं चेकर आला तर म्हणंल पैसं कमी भरलं, उतर खाली.' शेवटी अख्ख्या गाडीने मिळून त्यांना समजावलं. ती पोस्ट कुठल्या कुठे गेली. नात्यातल्या लोकांनी मलाच पाठवली, वाचा म्हणून! त्यानंतर मात्र काहीही लिहिलं तरी वीस-पंचवीस लाईक, त्यातले निम्मे आमच्याच डेपोचे.

आता विचारायचंय ते असं. आमच्या ड्युटीला धरबंध नाही. आज पहाटेची, उद्या दुपारची, परवा मुक्काम. 'रोज सकाळी उठून एक पान लिहा' हा सल्ला ज्याची सकाळ त्याच्या मालकीची आहे त्याला ठीक. आमच्यासारख्याने सवय लावायची कशी? आणि दुसरं, वाचकांचं. मावशींची पोस्ट चालली म्हणून तशाच लिहीत राहू, का मला दिसतं ते लिहू? मला वडापवाल्यांवर, म्हणजे खाजगी जीपमधून प्रवासी नेणाऱ्यांवर लिहायचंय. तिकिटाचं मशीन भर बाजाराच्या दिवशी बंद पडतं तेव्हा काय होतं त्यावर लिहायचंय. पण ते वाचणार कोण?

टवाळ_पाटील

पहिला नंबर माझा. मास्तर, सुट्टे आहेत ना?

आता कामाचं. जिलब्या पाडू नका, म्हणजे त्याच त्या पोस्टी काढत बसू नका. पहिली मावशी खरी होती म्हणून चालली. दुसरीपर्यंत लोक थांबतात. तिसरी आली की वाचक ओळखतो, ही लेखकाने स्वतःच गाडीत चढवलीय.

वैनतेयी

मी नर्स आहे, तीन पाळ्यांत काम करते, त्यामुळे तुमचा पहिला प्रश्न अगदी पोचला. घड्याळाशी बांधलेली सवय आपल्याला जमत नाही. कामाशी बांधलेली जमते. मी ओव्हर दिली, म्हणजे पुढच्या पाळीच्या हाती काम सोपवलं, की कपडे बदलायच्या आधी चार ओळी लिहिते. लेख नाही हं. कोण काय बोललं, जसंच्या तसं, एवढंच. 'सिस्टर, सलाईन संपलं की घरी जायचं का?' असलं काहीतरी. घरी गेल्यावर हे आठवत नाही, आठवतो तो फक्त आपला थकवा.

लिहिणं वेगळं, ते साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी. त्या दिवशी कोरं पान समोर नसतं, आठवड्याची टिपणं असतात, त्यातलं एक उचलायचं. तुमचं तर सोपं आहे. कॅश भरली, मशीन जमा केलं की डेपोतल्या बाकावर पाच मिनिटं बसायचं. वही नको, मोबाईलच बरा. वही कुणीतरी उघडून वाचतं (अनुभव आहे, सांगणार नाही).

जुना_कंपोझिटर

चांगला विषय. थोडं मागचं सांगतो, कारण ही अडचण मोबाईलबरोबर आलेली नाही.

गोपाळ हरी देशमुख म्हणजे लोकहितवादी, पंचविशीत होते तेव्हा १८४८ साली भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात पत्रं लिहू लागले. पोटासाठी सरकारी नोकरी होतीच. आपण त्यांना शतपत्रे म्हणतो, प्रत्यक्षात ती १०८ आहेत. दोन वर्षांच्या आसपास हा क्रम चालला. त्या पत्रांचा आकार बघा. छोटा. एका पत्रात एकच मुद्दा, तोही पहिल्या दोन-तीन वाक्यांत मांडून मोकळे. भाषा घासूनपुसून गुळगुळीत केलेली नाही, रागावलेला माणूस बोलतो तशी आहे. नोकरी करून आठवड्याला पेलेल एवढाच तो घास होता.

दुसरे विष्णुशास्त्री चिपळूणकर. निबंधमाला १८७४ च्या जानेवारीत सुरू केली तेव्हा ते शाळामास्तर होते. मासिक, आणि जवळजवळ सगळा मजकूर एकहाती. मध्ये रत्नागिरीला बदली झाली, १८७९ ला नोकरी सोडली, १८८० ला न्यू इंग्लिश स्कूल काढलं, आणि हे सगळं चालू असताना एकूण ८४ अंक निघाले. १८८२ ला गेले तेव्हा वय ३१. आज एकट्याच्या जिवावर पंधरवड्याचं वार्तापत्र चालवणारे तिसऱ्या अंकाला धापा टाकतात.

दोघांत सारखं काय? लिहिलेलं कुठे आणि कधी जाणार हे आधी ठरलेलं होतं. मी छापखान्यात आयुष्य घालवलं. 'सुचेल तेव्हा देतो' म्हणणाऱ्याचा मजकूर कधी येत नाही. खिळे जुळवून बसलेला माणूस दारात उभा राहिला की बरोबर येतो. तेव्हा मास्तर, वार ठरवा आणि तो लोकांना सांगा. एकदा जाहीर केलं की चार माणसं विचारायला लागतात. ती चार पुरतात.

सु_मु

काका, आदर आहेच, पण तुलना पटली नाही. निबंधमालेच्या वर्गणीदाराला महिनाभर दुसरं फारसं काही वाचायला नसायचं. आजचा वाचक अंगठ्याने पुढे सरकवत असतो आणि काय दाखवायचं ते तिसराच कुणीतरी ठरवतो. वार पाळा, अवश्य पाळा, पण वार पाळला म्हणून वाचक येतो हा भ्रम नको. मी एका प्रसिद्ध ठिकाणी नेमाने दर रविवारी लिहीत होतो. एके दिवशी त्यांनी गणित बदललं आणि माझे नेहमीचे वाचक विचारू लागले, 'लिहिणं सोडलंत का?' मी लिहीतच होतो, त्यांना दिसत नव्हतं.

म्हणून मास्तरांना सांगणं असं. लाईक करणारे विसरा. जे उलटून काहीतरी विचारतात त्यांची यादी करा, अगदी नावं लिहून. 'खूप छान' म्हणणारा त्या यादीत नको. 'मग पुढे त्या मावशी परत आल्या का?' असं विचारणारा हवा. दहा-पंधरा झाले की त्यांना थेट पाठवायला लागा. ईमेल, व्हॉट्सअॅपची ब्रॉडकास्ट यादी, काहीही. मधला दलाल गेला की कोण वाचतं ते तुमचं तुम्हाला कळतं.

आणि फॉरवर्डचा बंदोबस्त करा. खाली लिहिलेलं नाव लोक पहिल्यांदा कापतात. नाव मजकुराच्या पोटात घाला. 'डायव्हर मला म्हणाला, अमुक, तू झोप' असं एक वाक्य मध्येच असलं तर कापणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

टवाळ_पाटील

हे झकास. मी आता प्रत्येक परिच्छेदात स्वतःला हाक मारणार.

अनया_इंदूर

थोडं तांत्रिक. मोबाईलवर मराठी बोलून टंकता येतं, गूगलच्या कीबोर्डवरचं माइकचं चिन्ह दाबा. टिपणांसाठी उत्तम. लेखासाठी मात्र मला आवडत नाही. विरामचिन्हं हाताने घालावी लागतात, आणि बोलताना आपण एकच गोष्ट तीनदा सांगतो, ते लिहिण्यात उतरतं. उलट बोललेलं जसंच्या तसं पकडायला त्याच्यासारखं काही नाही. माळव्यातलं आमचं मराठी मी असंच साठवते.

दुसरं, प्रत स्वतःकडे ठेवा. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये, याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये. तिन्ही ठिकाणी मराठी लोकांनी ढिगाने लिहिलं होतं. माझ्या मामांचं बरंच लिखाण युनिकोडच्या आधीच्या फाँटात आहे. ती फाईल आज उघडली की सगळी खिचडी दिसते. तुम्ही थेट फेसबुकच्या चौकटीत लिहिता ना? ते थांबवा. आधी स्वतःच्या फाईलमध्ये लिहा, मग तिथे चिकटवा.

मुक्कामी_गाडी

एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. वैनतेयीताई, बाकावरचं कालपासून सुरू केलं. कंट्रोलर विचारत होते, हिशोब लागत नाही का म्हणून.

एक तुकडा टाकतो. बिनधास्त बोला.

*सह्याद्रीच्या कुशीत वसलेलं एक टुमदार गाव. रातकिड्यांची किरकिर, वर टिपूर चांदणं आणि खाली निवांत झोपलेली आमची लालपरी. अशा या गावात माणुसकी अजून जिवंत आहे. पहाटेच्या गाडीला जागा मिळावी म्हणून लोक रात्रीच खिडकीतून टॉवेल टाकून जातात. एकदा रात्री धप्पकन आवाज झाला. उठून बघतो तर सीटवर वीट! मनात विचारांचं काहूर माजलं. पहाटे एक बाई आली आणि त्या सीटवर बसली. तालुक्याला डायलिसिसला जाते म्हणाली. टॉवेल लोक उचलून नेतात, वीट कोण नेत नाही. डाव्या हाताला धक्का लागून चालत नाही म्हणून खिडकीची जागा लागते. तिची जिद्द पाहून डोळे पाणावले. संकटांशी झुंजणाऱ्या अशा माणसांना सलाम!*

काटछाट

बिनधास्त म्हणालात म्हणून. पहिली तीन वाक्यं उडवा. त्यातलं एकही तुमचं नाही. टिपूर चांदणं कुणालाही दिसतं, खिडकीतून येणारी वीट फक्त मुक्कामी कंडक्टरलाच दिसते. काहूर काढा, पाणावलेले डोळे काढा, सलाम तर आधी काढा. सलाम ठोकला की वाचक मोकळा होतो, अंगठा दाबून पुढे जातो.

'टॉवेल लोक उचलून नेतात, वीट कोण नेत नाही' हे तिच्या तोंडचं वाक्य आहे ना? मग तिच्या तोंडी द्या. आणि मला पडलेले प्रश्न: कुठली सीट? रात्री वीट कोण ठेवतं? बाई बसली की विटेचं काय होतं? तालुक्याला बरोबर नेते?

जुना_कंपोझिटर

काटछाट यांच्याशी बहुतेक सहमत. फक्त सगळ्यांचं लिखाण कापून एकाच मापाचं करू नका, हल्ली तोही एक साचा झालाय: तुटक वाक्य, खाली मोकळी जागा, पुन्हा तुटक वाक्य. मास्तरांची लांब वाक्यं लांबच राहू द्यात. ते बोलतातच तसे.

मुक्कामी_गाडी

विटेचं पुढे झालं ते लिहायचं राहिलं होतं, मला वाटलं त्यात काय सांगायचं. आता घालून परत लिहिलं.

*पहाटेच्या गाडीला जागा धरायची तर या गावात रात्रीच खिडकीतून टॉवेल टाकतात. मी मागच्या लांब सीटवर झोपतो, त्यामुळे टॉवेल कधी आला ते झोपेतही कळतं. आठवड्यातून दोनदा वीट येते. दाराच्या बाजूची चौथी सीट, खिडकीकडची. वीट टाकत नाहीत, पोरगं हात आत घालून हळू ठेवतं, तरी पत्र्याला लागून आवाज होतोच. पहाटे त्याची आई येते, वीट उचलून थांब्याच्या खांबाशी ठेवते आणि मग तिकीट काढते. तालुक्याला डायलिसिस असतं. सुया डाव्या हातात घालतात, त्या हाताला गर्दीचा धक्का नको म्हणून तो खिडकीकडे लागतो. 'टॉवेल लोक उचलून नेत्यात मास्तर, वीट कोण नेत न्हाई.'*

*नेली. खांबाजवळची वीट कुणीतरी चुलीला नेली. त्या रात्री सीटवर वरवंटा आला. 'घरात दुसरं जड काय न्हवतं.' वरवंटा काय ती खांबाशी ठेवायला तयार होईना, तालुक्यापर्यंत मांडीवर घेऊन बसली. उतरताना माझ्या हातात दिला, 'तुमच्याकडं ठेवा, परवा द्या.' मी पेटीत टाकला. डेपोत कंट्रोलर म्हणाले, मास्तर, हे काय? म्हटलं, लगेज.*

काटछाट

आता बोलायला काही ठेवलं नाहीत.

टवाळ_पाटील

'म्हटलं, लगेज.' हसून हसून वाट लागली. ऑफिसात आहे हो मी.

सातासमुद्रा

न्यू जर्सीहून वाचतेय. माहेर कराडजवळचं. पहिला तुकडा वाचून 'आहा, आपलं गाव' असं वाटलं होतं, दुसरा वाचून गाव दिसलं. मास्तर, आमच्यासारखे बाहेर राहणारे खूप आहेत तुम्हाला वाचायला. थांब्यांची नावं घाला, बाजाराचे वार घाला. जुन्या तिकिटांवर पण लिहा ना! ट्रेमधली रंगीबेरंगी तिकिटं, तो पंचिंगचा टकटक आवाज...

सु_मु

सातासमुद्रा, राग मानू नका, पण मास्तरांना धोका तुमच्यापासूनच आहे. :) गाव सोडून गेलेल्या वाचकाला गाव जसं सोडलं तसंच हवं असतं. तो भरभरून दाद देतो, आणि ती दाद गोड लागते. मग लिहिणारा हळूहळू टकटक आवाज, कंदील, आजीची गोधडी यावर येतो. मास्तरांना लिहायचंय ते वडापवर आणि बंद पडलेल्या मशीनवर, म्हणजे आत्ताच्यावर. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर धावली हे दरवर्षी कुणीतरी लिहितंच. आज त्याच गाडीत पंचाहत्तरीपुढची माणसं फुकट बसतात, बायका अर्ध्या तिकिटात. मग वडापवाल्याचं गिऱ्हाईक गेलं कुठे आणि तो आता जगतो कसा, हे मला कुठेच वाचायला मिळालेलं नाही.

सातासमुद्रा

राग नाही. खरं आहे ते. पण मी वडापवरचंही वाचेन हो, आम्ही काय फक्त गोधड्या वाचतो का!

साधा_माणूस

एक काळजीचं. तुम्ही नोकरीत आहात. सेवेत असताना लिहायचं तर गणवेशातला फोटो, गाडीचा नंबर, साहेबांची नावं, चालू चौकशी यांतलं काही नको. प्रवाशांचं नाव तर बदलाच, पण नुसतं नाव बदलून भागत नाही. छोट्या गावात माणूस आजारावरून, वारावरून, सीटवरूनही ओळखू येतो. जमलं तर ज्याच्यावर लिहिलं त्याला आधी दाखवा. संपाच्या काळातलं, २०२१-२२ चं, काही लिहिणार असाल तर आणखी जपून.

वैनतेयी

साधा_माणूस यांना +१. पेशंटबद्दल लिहिताना मी गाव आणि वय बदलते, आजार नाही. आजार बदलला की गोष्टच मोडते. इथे डायलिसिस काढलं तर खिडकीला अर्थ उरत नाही.

मनीषा_पी

मला एक व्यावहारिक शंका. यातून पैसे मिळतात का हो?

जुना_कंपोझिटर

फारसे नाहीत. मराठीत लिहिण्यावर घर चालवणारे मी हाताच्या बोटांवर मोजेन. किंडलवर मराठी पुस्तक स्वतःचं स्वतः काढता येतं, दिवाळी अंक मानधन देतात, काही उशिरा देतात, काही देतच नाहीत. तरी मास्तरांनी दिवाळी अंकाला जरूर पाठवावं. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही वाट आहे, आणि अजून नव्या माणसाला तिथे जागा मिळते. पावसाळ्याच्या सुरुवातीलाच पाठवा, गणपतीत पाठवलेलं राहून जातं. युनिकोडमध्ये, एकच लेख, सोबत आत्मचरित्र नको.

मुक्कामी_गाडी

सगळ्यांचे आभार. ठरवलं ते सांगतो. टिपण रोज, कॅश भरल्यावर. लेख बुधवारी, कारण सुट्टी बहुतेक मंगळवारी पडते. सुट्टी बदलली तरी वार बदलणार नाही, त्या आठवड्यात छोटं लिहीन. सु_मु, तुमच्या सांगण्यावरून यादी केली. उलटून विचारणारे मोजके निघाले, त्यात एक आमचाच डायव्हर आहे आणि तो म्हणतो त्याचं नाव मोठं घाल.

कोयनाकाठ

आजच सभासद झालो, या धाग्यासाठी. मास्तर, गाव ओळखलं. विटेवाल्या आमच्या भावकीतल्या काकी.

मुक्कामी_गाडी

अरे देवा. संपादक मंडळ, तो तुकडा काढता येईल का? किंवा सीट बदलतो, वार तर लिहिलेलाच नाही. कोयनाकाठ, त्यांना वाईट वाटलं का?

कोयनाकाठ

काढू नका. काल रात्री मी त्यांना मोबाईलवर वाचून दाखवलं, दोनदा वाचायला लावलं. खांबाजवळची वीट कुणी नेली ते त्यांना माहीत आहे, आणि ते नाव पण घाला म्हणत होत्या, मी नको म्हटलं. बाकी तक्रार एकच आहे. परवा द्या म्हणून सांगितलं होतं, मास्तरांची ड्युटी बदलली आणि वरवंटा अजून आला नाही. चटणी शेजारणीकडे वाटायला जावं लागतं.

टवाळ_पाटील

मास्तर!!! लगेज परत करा!

मुक्कामी_गाडी

पेटीतच आहे, सांगा त्यांना. शुक्रवारी त्या रूटला मुक्काम आहे माझा, हातात देतो. आणि बुधवारचं वडापवर आहे, अर्धं झालंय. कोयनाकाठ, तुमच्या तिकडचा तो पांढऱ्या जीपवाला अजून गाडी काढतो का, तेवढं सांगा.